सहावा मुलगा दारी आला

घाटघर मागे टाकून नाणेघाटाच्या तोंडाशी गेलं की दगडी रांजण दिसतो आणि खाली लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात यज्ञांत दिलेल्या दानांची मोजदाद आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं कोरून ठेवलंय. राणीच्या दानाचा हिशेब दगडावर राहिला. आपल्या काळातल्या एका मोठ्या दानाचा हिशेब सात-बाऱ्यावर यायला हवा होता, तो पुष्कळ ठिकाणी आलाच नाही. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

१९५१ च्या मार्चात विनोबा भावे पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला, सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. माणूस आपल्या गागोद्याचा, कुलाबा जिल्ह्यातला. संमेलनानंतर ते तेलंगणात फिरले. तिथे तेव्हा जमिनीवरून रक्त सांडत होतं. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या भूमिहीनांनी ऐंशी एकर मागितले, आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून शंभर एकर देऊ केले. तिथून विनोबा जे चालत राहिले ते १९६४ पर्यंत.

मागणं साधं होतं. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, माझा वाटा द्या. मंडळी, आपल्याकडे सख्खे भाऊ वीतभर बांधासाठी पंधरा-पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे परक्या माणसाने दारात येऊन वाटणी मागावी आणि लोकांनी ती द्यावी! याचं एक कारण मला वाटतं पायांत आहे. मोटारीतून उतरलेल्याला गाव चहा पाजतं. चालून, धुळीने भरून आलेल्याशी मात्र गाव बोलतं.

देशभरात चाळीस लाख एकरांवर जमीन कबूल झाली. पण पुढचं काम चालण्याहून अवघड निघालं. कुणी खडकाळ माळ दिला, कुणी वादातली जमीन दिली. कुणी सभेत हात वर केला आणि तलाठ्याकडे फिरकलाच नाही. दाता गेला, मुलं म्हणाली, आम्हाला ठाऊक नाही. ज्याला जमीन मिळाली त्याच्याकडे बैल कुठे होते? बियाणं, औत, विहीर कुठून आणायची? ही उणीव विनोबांच्या माणसांनाही जाणवली, म्हणूनच साधनदान, कूपदान निघालं. तरी बरीच जमीन वाटपाविना पडून राहिली.

त्यावरून चळवळ फसली असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी म्हणणार नाही. जी जमीन वाटली गेली, तिच्यावर माणसं राबली, जेवली. पुढे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये ग्रामदान केलं. तिथे मात्र गावाने आधी बसून बोलून घेतलं होतं आणि कागदही केले होते, १९६४ च्या ग्रामदान कायद्याप्रमाणे.

तेव्हा घरातल्या कर्त्यांनो, तुमच्या वडिलांनी शेजाऱ्याला विहिरीचा पाळीचा हक्क, पाणंदीची वाट किंवा शाळेला दोन गुंठे तोंडी दिले असतील, तर म्हातारी माणसं हयात आहेत तोवर विचारून घ्या. जमिनीचं बक्षीसपत्र नोंदणी केल्याशिवाय धरलं जात नाही, आणि फेरफार आपला आपण होत नाही. भाताची लावणी उरकली की एक दिवस त्यासाठी काढा. पोरांनाही बरोबर न्या.