वरातीसाठी उघडी क्लासिक गाडी घ्यायचीय? आधी भाव नीट काढा

सेकंड हँड मशीनच्या किमतीवरचा व्हिडिओ टाकला आणि पुढचाच प्रश्न आला, "सर, जुनी हेराल्ड आहे, उघडी, कन्व्हर्टिबल. मालक बारा लाख म्हणतोय. लग्नाच्या वरातीला भाड्याने देईन. घेऊ का?"

बारा लाख म्हणजे या मुलाची बचत आणि वर वडिलांची एफडी. म्हणून थोडं स्पष्टच बोलतो.

मालक बारा का म्हणतोय? कारण त्याने गाडीत दहा घातलेत. बिलांची फाईलही दाखवेल. पण त्याने काय घातलं हा त्याचा हिशोब, गाडीचा भाव नव्हे. ऑनलाइन जाहिरातीतले आकडेही भाव नसतात, ती मागणी असते. तशीच गाडी कोणी खरोखर पैसे मोजून घेतली, कितीला घेतली, हे विचारा. जुन्या गाड्यांचे क्लब आहेत, रॅलीला लोक येतात, जुने मेकॅनिक आहेत. तीन खरे सौदे कळले तरी पुष्कळ झालं.

आता गाडी बघा. हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून 1971 पर्यंत इथे बनवली. तिची चेसिस वेगळी आणि बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले, टपसुद्धा. त्यामुळे साध्या हेराल्डचा टप काढून "कन्व्हर्टिबल" करणं सोपं. फियाट-पद्मिनीचं तसं नाही. तिला वेगळी चेसिसच नाही, टप कापला की ताकद गेली. अशी गाडी जॅकवर उचला आणि दार उघडून लावून बघा. अडकलं, फट वेडीवाकडी झाली, तर खालचा पत्रा गेलाय असं समजा. दोन्ही गाड्यांना पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

मग आरसी. बॉडी टाइप काय लिहिलाय? सेडान लिहिलंय आणि समोर उघडी गाडी उभी आहे, तर विषय गंभीर. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः ताडून पाहा, फोटोवर भागवू नका.

आता आकडे. हे फक्त उदाहरण आहे, बाजारभाव नाही. समजा खऱ्या सौद्यांवरून चांगल्या स्थितीतली गाडी 9 लाखांची. पत्रा-पेंट 1.80 लाख, नवं कापडी हुड आणि सीट 60 हजार, ब्रेक-वायरिंग 50 हजार. झाले 2.90. जुनी गाडी उघडली की काम वाढतंच, म्हणून वर 70 हजार. ट्रान्सपोर्ट, ट्रान्सफर, इन्शुरन्सचे 40 हजार. एकूण 4 लाख. म्हणजे तुमचा भाव 5 लाख. बारा कुठे, पाच कुठे!

पण खरी मेख पुढे आहे. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी "विंटेज" म्हणून नोंदवता येते. फी 20 हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. छान वाटतं ना? पण त्या नोंदणीवर गाडी व्यवसायासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. आणि साधी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी असेल तरी भाड्याने द्यायला परमिट लागतं, खासगी पॉलिसी भाड्याचा वापर कव्हर करत नाही. वरातीत गाडी कोणाला लागली, नाचणारा एखादा चाकाखाली आला, तर भरपाई तुमच्या खिशातून.

लोक म्हणतात, "सगळेच चालवतात, सर." चालवत असतील. पण ज्या कमाईला कागद नाही, ती कमाई धरून मी तरी भाव काढणार नाही. "एका सीझनला इतक्या वराती" हे गणित वहीतून खोडा. परवानगी मिळेल का ते आरटीओत आधी लेखी विचारा. तोवर ही गाडी म्हणजे हौस आहे. हौस वाईट नाही, पण वडिलांच्या एफडीवर करू नये, असं माझं मत.

मालकाशी बोलताना गाडीला नावं ठेवू नका. त्याने जीव लावलेला असतो. वही समोर ठेवा, "काका, हा माझा हिशोब, यात काय चुकतंय सांगा," म्हणा. हुड नवीन असल्याचं बिल त्याने दाखवलं, तर प्रामाणिकपणे 40 हजार वाढवा. चेसिसला गंज निघाला, तर तितकेच प्रामाणिकपणे कमी करा. आणि टोकन देण्याआधी जुन्या गाड्यांचा मेकॅनिक सोबत न्या. त्याची फी द्या, नुसत्या चहावर नेऊ नका.