ढगाचा पत्ता

काही वर्षांपूर्वी, दिल्लीत असताना, एक नस्ती माझ्याकडे मताकरिता आली होती. एका राज्याने अवर्षणाच्या वर्षी विमानाने मेघबीजन करविले होते. वर्तमानपत्रे ज्याला कृत्रिम पाऊस म्हणतात, ते. त्या खर्चाचा काही भाग केंद्राने उचलावा अशी मागणी होती. परिशिष्टात उड्डाणांच्या तारखा होत्या, एकूण तास होते, जाळलेल्या क्षारांच्या नळकांड्यांची संख्या होती आणि नंतर कोणकोणत्या तालुक्यांत पाऊस झाला त्याचा तक्ताही होता. नव्हते ते एवढेच, की विमान नेमके कुठे गेले होते. "जिल्ह्याच्या उत्तर भागात" असा एक मोघम उल्लेख तेवढा सापडला.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात माझ्या कार्यालयाच्या गाडीच्या लॉगबुकावर लेखापरीक्षकांचा आक्षेप आला होता. चालकाने एका दिवशी "कोठून-कोठे" या रकान्यात नुसते "स्थानिक काम" लिहिले होते आणि सव्वीस किलोमीटर दाखविले होते. खुलासा मागविला गेला, तो दिलाही. आक्षेप योग्यच होता. पण सव्वीस किलोमीटर धावलेल्या गाडीला जो प्रश्न आपण विचारतो, तो कोट्यवधी रुपयांच्या विमानाला विचारत नाही, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. त्या दिवसापासून वातावरण-संशोधनाच्या विमानांची मार्गनोंद हा माझ्या अवांतर वाचनाचा विषय झाला. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, भौतिकशास्त्राचा नव्हे. त्यामुळे पुढचे विवेचन जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

मार्गनोंद म्हणजे काय? संशोधन-विमानातील एखादे यंत्र ओझोन मोजते, एखादे धूलिकण, एखादे बाष्प. ही सारी मानकरी मंडळी. त्यांच्या जोडीला एक साधी धारिका तयार होत असते. तिच्यात बहुधा दर सेकंदाला एक ओळ: वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, विमानाच्या नाकाची दिशा, नाक किती वर वा खाली आहे, पंख किती कलले आहेत, हवेच्या सापेक्ष वेग किती आणि जमिनीच्या सापेक्ष किती. चार तासांच्या उड्डाणात अशा १४,४०० ओळी होतात. शोधनिबंधात त्यांचे नावही क्वचितच येते. कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीसारखी तिची गत आहे: ती हरवेपर्यंत कोणी तिची आठवण काढीत नाही.

पण ती हरवली तर काय होते ते पाहा. विमान सेकंदाला सुमारे २०० मीटर जात असेल आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच सेकंदांचा फरक असेल, तर एकाचे मोजमाप दुसऱ्यापासून एक किलोमीटर दूर जाऊन बसते. पावसाळी ढगाच्या काठावर एक किलोमीटर म्हणजे ढग आणि निरभ्र आकाश यांतले अंतर. वाऱ्याचे तर याहून अवघड आहे. विमानातून वारा थेट मोजता येत नाही. जमिनीच्या सापेक्ष वेगातून हवेच्या सापेक्ष वेग वजा करावा लागतो, आणि दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत लहानशी चूकही माजते, हे अंदाजपत्रक पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. नाकाच्या दिशेत एका अंशाची चूक झाली, तर २०० मीटरच्या वेगाला साडेतीन मीटरचा खोटा आडवा वारा तयार होतो.

उंचीची कथा आणखी मजेची. विमानाची उंची म्हणून जी संख्या सामान्यतः लिहिली जाते, ती वस्तुतः हवेच्या दाबावरून काढलेली असते, आणि तेही एका प्रमाणित, कल्पित वातावरणाचे गणित धरून. आपले मान्सूनचे आकाश त्या प्रमाणाबरहुकूम वागत नाही. पंधरा-सोळा किलोमीटरवर दोहोंत काही शे मीटरांचा फरक सहज पडतो. उपग्रहावरून उंची घ्यावी, तर ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. दक्षिण भारतात ही दोन पातळ्यांची तफावत ऐंशी मीटरहून अधिक आहे, कारण जगातला गुरुत्वाकर्षणाचा सर्वांत मोठा खड्डा आपल्या दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे. तिथे समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या शंभराहून अधिक मीटर खाली जाते. तेव्हा "उंची" असा एकच रकाना ठेवणारा तक्ता पाहिला, की कोणापासूनची उंची, असे विचारणे भाग आहे. महसूल खात्यातले लोक "कोणत्या दगडापासून मोजले?" असे विचारतात, तेच हे.

या रुक्ष धारिकेवर जगाचे निर्णय ठरले आहेत. १९८७ साली अमेरिकेच्या नासा संस्थेचे ईआर-२ हे विमान चिलीतील पुंता अरेनास येथून दक्षिण ध्रुवाकडे, सुमारे वीस किलोमीटर उंचीवर, पुन्हा पुन्हा नेले गेले. ओझोनचा थर का विरळ होतो, यावर तेव्हा वाद होता. जेम्स अँडरसन यांच्या यंत्राने क्लोरिन मोनॉक्साइड मोजला, दुसऱ्या यंत्राने ओझोन. त्यांचा आलेख आज पाठ्यपुस्तकांत आहे: एक रेषा जिथे एकदम वर चढते, तिथेच दुसरी कोसळते. सगळ्यांचे लक्ष त्या दोन रेषांकडे जाते. माझे लक्ष खालच्या आडव्या अक्षाकडे गेले. तो अक्षांशाचा अक्ष आहे, म्हणजेच मार्गनोंदीतून आलेला. तो नसता तर दोन यंत्रांच्या दोन स्वतंत्र कहाण्या उरल्या असत्या आणि वाद चालूच राहिला असता.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण २०१७ चे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपीय संशोधकांनी जिओफिजिका हे रशियन विमान काठमांडूहून मान्सूनच्या माथ्यावर नेले. उड्डाणे नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्या आकाशात झाली. तिथे अमोनियम नायट्रेटचे कण आढळले. अमोनिया मुख्यतः शेतीतून येतो, त्यात युरिया आणि पशुधन यांचा वाटा मोठा. आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझे कान टवकारले, कारण युरियाचे अनुदान हा माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांचा जुना आजार आहे! ही हवा कोणाच्या शेतावरून वर चढली, याचे उत्तर संगणक मोजमापाच्या बिंदूपासून वाऱ्याच्या उलट दिशेने माग काढीत देतो. सुरुवातीचा बिंदू चुकला तर दोष भलत्याच प्रांताच्या, किंवा भलत्याच देशाच्या माथी बसू शकतो. त्या विमानातील एक प्रमुख यंत्र तर बाजूला, क्षितिजाकडे पाहणारे होते. दोनशे किलोमीटर दूर पाहणाऱ्या यंत्राचा कल अंशाच्या दहाव्या भागाने चुकला, तर ते पाहत असलेली उंची साडेतीनशे मीटरने चुकते. म्हणून पंख किती कलले होते, ही नोंद वैमानिकापुरती नसते. ती पुराव्याचा भाग असते.

हे सारे मी म्हैसूरहून लिहितो आहे, आणि इथे राहून या विषयाचे एक जुने टोक सापडले. श्रीरंगपट्टण इथून पंधराएक किलोमीटरवर. पाहुणे आले, की रविवारी त्यांना तिकडे न्यावेच लागते. १७९९ च्या वेढ्याच्या वेळची एक हकिगत सांगतात. जनरल बेअर्ड रात्रीच्या अंधारात आपली तुकडी घेऊन निघाला होता. सोबतच्या विल्यम लॅम्बटनने ताऱ्यांकडे पाहून सांगितले, की आपण दक्षिणेऐवजी उत्तरेला, टिपूच्या सैन्याच्या रोखाने चाललो आहोत. आपल्याला वाट दाखवायला तारे नकोत, अशा अर्थाचे उत्तर देऊन जनरल पुढे गेला आणि शत्रूच्या ठाण्यावर आदळला. मग होकायंत्र पाहिले. ते ताऱ्यांशी सहमत होते. कनिष्ठाच्या टिप्पणीवर वरिष्ठाने मारलेला तो शेरा मला फार ओळखीचा वाटतो! याच लॅम्बटनने टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर प्रांताची मोजणी सुचविली, १८०० मध्ये बंगळूरला पहिली आधाररेषा मोजली, आणि त्यातूनच पुढे भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले. मोजत मोजत उत्तरेला जाताना १८२३ साली तो वारला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथे आहे. विदर्भातल्या वाचकांपैकी किती जणांनी पाहिली असेल, कोण जाणे. असो.

मुद्दा पावसाचा आहे. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. गावी फोन केला, की जून ते सप्टेंबर पहिला प्रश्न एकच असतो. इथेही तेच. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाची पातळी म्हैसूरची वर्तमानपत्रे रोज छापतात, आणि १२४.८० फूट हा पूर्ण भरल्याचा आकडा इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ आहे. त्या आकड्यावर भांडणे होतात, २०२३ साली धरण भरले नाही तेव्हा बंदही झाले, पण मोजपट्टी कुठे आहे यावर कधीच वाद होत नाही. ती तिथेच आहे, भिंतीवर. ढगाला भिंत नाही. म्हणून अवर्षण आले, की ढगावरचा खर्च तेवढा बिनपत्त्याचा होतो. कर्नाटकाने २००३ आणि २०१७ मध्ये मेघबीजन केले; महाराष्ट्राने २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये. मागणी लोकांची असते, तातडी खरी असते, आणि काहीतरी केले हे दिसणे शासनाला आवश्यक असते. यात मी कोणालाच हसत नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात मीही उभा राहिलो आहे.

पण याच काळात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने हे काम कसे करावे ते दाखवून दिले. त्यांचा केपेक्स हा प्रयोग २००९ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी भाड्याच्या विमानाने देशातील अनेक ठिकाणांहून निरीक्षणे झाली, त्यांत बंगळूरही होते. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर हे केंद्र धरले. जमिनीवर रडार आणि पर्जन्यमापकांचे जाळे, आकाशात विमाने, आणि कोणत्या ढगात पेरणी करायची व कोणता तसाच सोडायचा, याचा निर्णय यदृच्छेने, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे. न पेरलेले ढगही तितक्याच काटेकोरपणे नोंदले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस मिळाला. काही ठिकाणी त्याहून बराच अधिक, आणि तोही योग्य ढग निवडले तर.

"वाऱ्याच्या दिशेला" या शब्दांवर थांबा. सेकंदाला दहा मीटर सरकणारा ढग वीस मिनिटांत बारा किलोमीटर जातो. पेरणी एका तालुक्यात, पाऊस दुसऱ्यात. नळकांडी कोणत्या सेकंदाला, कोणत्या बिंदूवर पेटली हे ठाऊक नसेल, तर कोणत्या पर्जन्यमापकाकडे पाहायचे हेच ठरत नाही. मग जिथे पाऊस पडला तो आपलाच, असे म्हणण्याची सोय होते. माझ्यापुढच्या नस्तीत नेमके तेच झाले होते. ज्या तालुक्यांची नावे तक्त्यात होती तिथे पाऊस झाला हे खरेच होते. त्या आठवड्यात तो शेजारच्या, विमान न गेलेल्या जिल्ह्यातही झाला होता.

यावर सहकारी दोन आक्षेप घेतात. पहिला सुरक्षिततेचा: अक्षांश-रेखांश उघड कसे करायचे? हा विचार आपल्या हाडीमासी खिळला आहे, आणि त्याला काळही जबाबदार आहे; हवाई सर्वेक्षणाच्या सामग्रीला संरक्षण मंत्रालयाची संमती लागत असे. पण २०१२ मध्ये शासकीय आधारसामग्री खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण आले, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांसाठी भूस्थानिक माहितीवरची बहुतेक बंधने काढली. खरोखर संवेदनशील स्थळे असतील तर ती वगळावीत. त्यांच्यासाठी सोलापूरचा ढग गुप्त ठेवण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप कंत्राटदाराच्या व्यावसायिक गुपिताचा. क्षारांचे मिश्रण गुपित असू शकते. सार्वजनिक पैशाने उडालेल्या विमानाचा मार्ग गुपित कसा?

माझी सूचना फार मोठी नाही. मेघबीजनाचे देयक तासांवर नव्हे, तर मार्गनोंद जमा झाल्यावर द्यावे. नोंद सेकंदागणिक असावी. नळकांडी पेटल्याची वेळ त्याच घड्याळावर असावी. दाबाची आणि उपग्रहाची अशा दोन्ही उंची, त्या कोणत्या आधारापासून मोजल्या हे लिहून, द्याव्यात. आणि पाहून सोडून दिलेल्या ढगांचीही नोंद असावी. अर्थशास्त्राच्या भाषेत शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण खर्च न करता काय झाले असते हे तीच सांगते, आणि कंत्राटदाराला सर्वांत नकोशी तीच वाटेल. ही धारिका पाऊस संपण्यापूर्वी कोणालाही पाहता यावी. विमानात ती यंत्रे असतातच. प्रश्न फक्त निविदेत एक परिच्छेद वाढविण्याचा आहे. जतनाचा खर्च मात्र खरा आहे, कारण वीस वर्षांनी ती धारिका उघडता यायला हवी असेल तर कोणाला तरी तिचा सांभाळ करावा लागेल, आणि सांभाळणाऱ्याचे पद मंजूर करणे हे विमान भाड्याने घेण्यापेक्षा आपल्याकडे कठीण असते.

त्या नस्तीवर मी दीड पान टिप्पणी लिहिली होती. मार्गनोंद मागवावी आणि तोवर निर्णय राखून ठेवावा, असे सुचविले होते. पाच आठवड्यांनी नस्ती परत आली. राज्याचे उत्तर जोडलेले होते: उड्डाणांचा तपशील कंत्राटदाराकडे होता, कंत्राटाची मुदत संपली होती, विमान परत गेले होते. माझ्या टिप्पणीखाली "पाहिले" असा शेरा होता, आणि त्याखाली मंजुरीची सही.