जुना अडॅप्टर, नवी डिस्क

बीड जिल्ह्यात गेवराई किंवा पाटोद्याच्या एखाद्या शाळेत रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक बसवला, तर सगळ्यात आधी दगा देतं ते मेमरी कार्ड. त्यावर लिहिणं चालू असताना वीज गेली की फायली बिघडू शकतात, आणि ग्रामीण भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून अडीच इंची एसएसडी बरी. पण ती जोडायला अडॅप्टर नवाच कशाला? बंद पडलेल्या पोर्टेबल हार्ड डिस्कची डबी उघडा, आतली साटा-यूएसबी पट्टी बऱ्याचदा शाबूत असते. (काही डिस्कमध्ये यूएसबी थेट डिस्कच्याच सर्किटवर असतं, तिथे नाद सोडावा.)

जुनी पट्टी संथ, हा आक्षेप खरा आहे. यूएसबी २.० वर सेकंदाला साधारण ३५-४० एमबीच वेग मिळतो, पण हजेरी, धडे, पीडीएफ यांना तो पुरतो. खरी अडचण विजेची: रास्पबेरी पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, तेव्हा एकच एसएसडी लावावी. शिवाय वीज गेली तर एसएसडीही बिघडू शकते. अडॅप्टरचे वाचलेले पैसे छोट्या यूपीएसकडे वळवावेत आणि बॅकअप मात्र दुसऱ्या डिस्कवर ठेवावा.