आनंदमेळा कोणासाठी?

हिवाळा जवळ आला की इंदूरच्या मराठी मंडळांत आणि देवस्थानांत आनंदमेळ्याची बोलणी सुरू होतात. दोन दिवसांचा मांडव, घरच्या हातची थालीपिठे, मुलांचे खेळ, संध्याकाळी गाणे. हेतू उत्तमच आहे. परंतु जागेचा प्रश्न निघाला की हटकून सूचना येते ती शहराबाहेरच्या, बायपासलगतच्या एखाद्या प्रशस्त मॅरेज गार्डनची. तेथे हिरवळ आहे, रोषणाई आहे आणि मुख्य म्हणजे मोटारी लावण्यास ऐसपैस जागा आहे!

ह्या विचारास आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्या मेळ्यास कौटुंबिक म्हणावयाचे, त्याची जागा मोटारीच्या सोयीने ठरविणे म्हणजे मोटार असलेल्यांपुरताच मेळा भरविणे होय. रामबागेतल्या आजीबाईंनी नातवंडाचे बोट धरून रात्री नऊ वाजता बायपासवरून परतावे कसे, ह्याचा विचार कोणी करावयाचा?

आपल्या जत्रा देवळाच्या दाराशी भरत आल्या, त्या उगाच नव्हे. पावले जेथे आपण होऊन वळतात, तेथेच दुकान मांडावे, हा व्यवहार त्यामागे आहे. राजवाड्यामागील सराफाही हेच सांगतो. दिवसा जेथे सोन्याचांदीचा व्यापार चालतो, तेथेच पेढ्या बंद झाल्यावर भुट्ट्याचा कीस आणि गराडू मिळू लागतात. जागा तीच, वेळ वेगळी.

तर मग मेळा सराफ्यातच भरवावा काय? मुळीच नाही. मुलाबाळांची गर्दी, पेटत्या शेगड्या आणि अरुंद गल्ली हा योग भयावह आहे. हवे आहे ते शहराच्या मध्यभागी असलेले मोकळे अंगण. गांधी हॉलचे आवार तसे आहे. १९०४ साली किंग एडवर्ड हॉल म्हणून उभी राहिलेली आणि १९४८ मध्ये गांधीजींचे नाव मिळालेली ही घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत रेल्वे स्थानकापासून पायी जाण्याजोगी आहे. अशा जागेची परवानगी मिळविण्यास चार खेटे पडले तर पडोत.

मध्यवस्तीत वाहतूक तुंबेल, असा आक्षेप येईल. जो पायी किंवा बसने येतो, तो रस्ता कितीसा अडवितो? आवाजाची तक्रार येईल म्हणावे, तर २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाईच केली आहे. आणि मुलांचा मेळा नवाला आटोपलेलाच बरा.

स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, तान्ह्या मुलास पाजण्यास आडोसा, पिण्याचे पाणी, वृद्धांस बाक, येण्याजाण्याची दोन निराळी दारे आणि अग्निशामक बंबास वाट, एवढे ज्या जागेत जमते तीच जागा योग्य. रोषणाईचे मग पाहू.

कार्यकारिणीच्या सभेत मोटारवाल्या सभासदांनी घटकाभर मौन पाळावे आणि बसने येणाऱ्यांस आधी बोलू द्यावे, एवढीच आमची मागणी आहे.