तुकडी निघून गेली, गाव राहिले

ओगोसागू हे मध्य मालीतील बांकास सेर्क्लमधले एक लहान गाव. 23 मार्च 2019 रोजी पहाटे तेथील फुलानी वस्तीवर सशस्त्र जमाव चालून आला आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. पुढे गावात लष्कराची तुकडी बसविण्यात आली. 13 फेब्रुवारी 2020 च्या सायंकाळी ती तुकडी, बदली तुकडी पोचण्यापूर्वीच, निघून गेली. दुसऱ्या पहाटे पुन्हा हल्ला झाला. तीसहून अधिक बळी पडले. मालीतील रक्तपाताला धर्मयुद्ध किंवा टोळीयुद्ध म्हणून मोकळे होणाऱ्यांनी त्या रात्रीचा विचार अवश्य करावा.

सेर्क्ल हा फ्रेंचांनी पाडलेला प्रशासकीय विभाग. आपल्याकडील सर्कल ऑफिसरच्या सर्कलशी त्याची गल्लत करू नये. त्याचा व्याप कितीतरी मोठा. वसाहतकाळात त्याचा कमांडर कर, वेठ आणि शिक्षा या तिन्हींचा धनी असे. त्याच अमलात बांडियागाराच्या कड्यांवरचे डोगोन शेतकरी सेनोच्या मैदानात उतरले. बाजरीची शेते पसरली, फुलानी पशुपालकांची कुरणे आक्रसली. तरीही सुगीनंतर शेतात गुरे बसवायची, खत शेतकऱ्याला आणि धाटे गुरांना, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. आपल्याकडे धनगर मेंढरे बसवितात, तसाच तो.

स्वतंत्र मालीने 1999 मध्ये सातशेवर कम्यूनच्या निवडणुका पूर्ण केल्या, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पैसा आणि जमिनीवरचा खरा अधिकार बामाकोनेच राखला. कुरणाचा तंटा सेर्क्लच्या कचेरीत गेला, की जो अधिक मोजील त्याचा निकाल, ही तक्रार दोन्ही समाजांची होती. 2012 नंतर अधिकारीच सुरक्षित शहरांकडे सरकले. मोकळ्या जागेत अमादू कूफाचे बंडखोर न्यायनिवाडा करू लागले. उलटपक्षी डोगोन तरुणांची 'दान ना अंबासागू' ही सशस्त्र संघटना उभी राहिली. सरकारने तिच्याकडे सोयीस्कर कानाडोळा केला. ओगोसागूनंतर तिचे विसर्जन जाहीर झाले, पण तिने शस्त्रे खाली ठेवली नाहीत. पंतप्रधानांना मात्र महिन्याच्या आत जावे लागले.

लष्कराने 2020 मध्ये सत्ता घेतली ती सुरक्षेच्या नावाने. 2022 मध्ये फ्रेंच सैन्य गेले, 2023 अखेर संयुक्त राष्ट्रांचे. रशियन भाडोत्री सैनिक त्याआधीच आले होते. तरी जून 2022 मध्ये याच सेर्क्लमधील द्यालासागू व लगतच्या गावांत 132 नागरिक मारले गेले. हा आकडा सरकारचाच आहे. कम्यूनच्या शेवटच्या निवडणुका 2016 च्या. मे 2025 मध्ये तर सर्व राजकीय पक्षच बरखास्त झाले.

गावकऱ्यांनी शहाणपण दाखविले नाही, असेही नाही. शेजारच्या कोरो सेर्क्लमध्ये 2021 च्या आरंभी डोगोन व फुलानी पुढाऱ्यांनी करार केले: शेतकऱ्याला शेतावर, गुराख्याला बाजारात निर्धास्त जाता यावे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी करार करावा लागला, आणि तो मोडल्यास दाद मागायला त्यांना कचेरी नव्हती.