चुंबक नव्हे, पल्स विचारा

प्रदर्शनांच्या मांडवात, विक्री मेळाव्यांत आणि आता मोबाइलवरच्या जाहिरातींतही ‘चुंबकीय उपचार’ जोरात खपतात. मनगटाचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा, चुंबक शिवलेली गादी अशी त्यांची नाना रूपे. सांधेदुखीपासून निद्रानाशापर्यंत सगळ्यांवर म्हणे एकच इलाज! दुसरीकडे, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ ‘टीएमएस’ हा उपचार सुचवतात. त्यातही चुंबकच असते. नावातल्या या साम्याने दुहेरी नुकसान होते. गादी विकणाऱ्याला विज्ञानाची उसनी प्रतिष्ठा मिळते आणि ज्याला उपचाराची खरोखर गरज आहे, त्याच्या घरचे ‘चुंबकाने कधी डोके बरे होते का?’ म्हणत पाठ फिरवतात.

या दोहोंतला फरक चुंबकात नाही, चुंबकामागच्या सर्किटमध्ये आहे. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले की, विद्युतप्रवाह निर्माण होतो तो बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे. स्थिर चुंबक स्थिर शरीराजवळ रात्रभर ठेवला तरी मज्जापेशीला उद्दीपित करील असा प्रवाह त्यातून निर्माण होत नाही. मज्जापेशीची भाषा विजेची आहे. तिच्याशी बोलायचे तर क्षेत्र किती मोठे आहे यापेक्षा ते किती वेगाने बदलते हे महत्त्वाचे.

फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोन्व्हाल यांनी १८९६ मध्ये मोठ्या कॉइलमध्ये डोके ठेवून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला, तेव्हा डोळ्यांपुढे प्रकाशाची लुकलुक दिसली. पण कवटी न उघडता मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागाला चुंबकाने उद्दीपित करून हाताचे स्नायू हलवून दाखवायला १९८५ उजाडले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी ते साधले. कॉइल म्हणजे तर तांब्याच्या तारेचे वेटोळेच. खरी अडचण होती ती त्यात क्षणार्धात हजारो अँपियर सोडण्याची, आणि तितक्याच लवकर थांबवण्याची.

एक साधे गणित करून पाहू. १६ मायक्रोहेन्रीची कॉइल, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यावर २००० व्होल्ट. खटका बंद होताच, तारेचा रोध बाजूला ठेवला तर, साधारण ६३ मायक्रोसेकंदांत प्रवाह ५००० अँपियरवर पोहोचतो आणि सुमारे २५० मायक्रोसेकंदांत एक पूर्ण आवर्तन संपते. त्यात खेळणारी ऊर्जा २०० ज्यूल, म्हणजे ९ वॉटचा एलईडी दिवा २२ सेकंद जळेल एवढीच. पण हाच प्रवाह अखंड ठेवला तर? कॉइलचा रोध एक ओहमचा शंभरावा भाग धरला, तरी तिच्यात अडीच लाख वॉट उष्णता निर्माण होईल. दोन हजार वॉटचे सव्वाशे गीझर एका तळहाताएवढ्या वस्तूत! म्हणून पल्सला पर्याय नाही.

खटक्याचे काम थायरिस्टर हा अर्धवाहक करतो. त्याला उलट दिशेने जोडलेला डायोड परतीच्या प्रवाहाला वाट देतो, त्यामुळे बरीचशी ऊर्जा कपॅसिटरमध्ये परत येते आणि पुढच्या पल्सला कामी येते. नैराश्याच्या एका प्रचलित पद्धतीत सेकंदाला १० याप्रमाणे एका बैठकीत ३००० पल्स दिल्या जातात. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. ही परतफेड नसती, तर यंत्र आणि कॉइल दोन्ही तापून बसली असती.

अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये या उपचाराला नैराश्यासाठी मान्यता दिली. म्हणजे तो रामबाण झाला असे नाही. काहींना बराच फरक पडतो, काहींना नाही. डोक्यात किंवा डोक्याजवळ लोहचुंबकीय धातू किंवा कॉक्लियर इम्प्लांट असेल तर तो चालत नाही. क्वचित आकडी येऊ शकते. कॉइलच्या टकटकीपासून कानांना संरक्षण लागते. चालू औषधे डॉक्टरांना न विचारता थांबवणे तर धोक्याचेच. सौम्य पल्सचेही एक जुने उदाहरण आहे: न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा यंत्राला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या परिणामकारकतेवर आजही मतभेद आहेत. पण तिथेही दावा एका विशिष्ट तक्रारीपुरता आहे, ‘सर्व व्याधींवर’ नाही.

म्हणूनच चुंबकाच्या नावाने उपचार विकणाऱ्या प्रत्येकाला काही गोष्टी छापील स्वरूपात देणे सक्तीचे हवे. क्षेत्राची कमाल तीव्रता किती टेस्ला? ती किती मायक्रोसेकंदांत गाठली जाते? एका बैठकीत पल्स किती? आणि नेमक्या कोणत्या आजारासाठी, कोणाची मान्यता? गादीवाल्याकडे दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसेल, कारण तिथे काही बदलतच नाही. दवाखान्यांनीही ‘मॅग्नेट थेरपी’ असे मोघम फलक न लावता हा तपशील रुग्णाच्या हाती द्यावा.

त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. १ एप्रिल २०२० पासून देशातील सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. मधुमेह, पक्षाघात, रक्तदाब अशा आजारांवर हमखास इलाजाच्या जाहिरातींना १९५४ चा कायदा आधीच मज्जाव करतो. कमी आहे ती अंमलबजावणी. तक्रारीची वाट न पाहता अन्न व औषध प्रशासनाने प्रदर्शनांच्या मांडवात जाऊन हे दावे तपासायला हवेत.

हौशी तंत्रज्ञांसाठीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सर्किटची आकृती कागदावर सोपी दिसते, म्हणून घरी बनवलेली कॉइल डोक्याला लावण्याचा मोह जीवघेणा आहे. २०० ज्यूल ही ऊर्जा रुग्णालयात हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राच्या तोडीची असते, आणि यंत्राची वायर काढली तरी कपॅसिटर भरलेलाच राहू शकतो. चुंबकाचे प्रयोग जरूर करावेत. पण ते कमी व्होल्टवर, टेबलावर आणि खिळ्यावर.