वादळ, मत्स्यालय आणि हातातली पिशवी

परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या आणि आज सत्तरीत असलेल्या पिढीला मत्स्यालय म्हणजे तारापोरवाला, हे वेगळे सांगावे लागत नाही. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले हे मत्स्यालय म्हणजे गिरणगावातल्या मुलांच्या सुट्टीतला मोठा बेत असे. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर तेथे माशांच्या खालून चालत जाण्याचा बारा फुटी पारदर्शक बोगदा आला. पुढे २०२० च्या महासाथीत त्याचे दार बंद झाले. आता हीच पिढी लेकीकडे, मुलाकडे परदेशी जाते आणि नातवंडांचा हात धरून तेथली प्रचंड मत्स्यालये पाहते. दुबई मॉलमधल्या मत्स्यालयाच्या एकाच टाकीत एक कोटी लिटर पाणी आहे.

अशा प्रवासापूर्वी अनेक ज्येष्ठ मंडळी दवाखान्यात डोकावतात. वादळी पावसाच्या बातम्या असल्या की सोबतच्या मुलांनी निर्णय आधीच घेतलेला असतो : ‘‘बाबा, या वेळी तुम्ही घरीच थांबा.’’ अतिवृष्टीचा अधिकृत इशारा असेल तर त्या दिवशी घरी थांबणे हेच शहाणपण, यात वाद नाही. परंतु केवळ वय झाले म्हणून बेत मोडणे हा उपचार नव्हे. प्रकृती स्थिर असेल तर माझे उत्तर असते, ‘‘अवश्य जा, मात्र तयारी खोळंब्याची करून जा.’’

मत्स्यालय हे वृद्धांसाठी चांगले ठिकाण आहे. वर छप्पर असते, चाल संथ असते, मध्येच बसता येते. इंग्लंडमधील प्लिमथच्या राष्ट्रीय सागरी मत्स्यालयात झालेले एक संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या टाकीत टप्प्याटप्प्याने मासे सोडले जात असताना ती पाहणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा हृदयाचे ठोके आणि रक्तदाब खाली आल्याचे आढळले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या भोजनकक्षात माशांच्या टाक्या ठेवल्या, तेव्हा रुग्ण अधिक जेवू लागले व त्यांचे वजनही वाढले. यामुळे रक्तदाबाची गोळी बंद करायची नसते. पण मासे पाहण्याने मन निवते, या आपल्या अनुभवाला काही आधार आहे.

आता वादळाविषयी. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक पाऊस झाला. अल ऐन परिसरात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. विमानसेवा कोलमडली आणि असंख्य प्रवासी विमानतळावर अडकून पडले. अशा वेळी मोठ्या बॅगा सामानकक्षात जमा झालेल्या असतात, आणि पुष्कळ घरांत औषधांचा डबा त्या बॅगेतच भरण्याची सवय असते. वादळात प्रवास लांबतो. औषधाची वेळ लांबत नाही. वृद्ध प्रवाशाला पाऊस जितका बाधतो, त्याहून हा खोळंबा अधिक बाधतो.

म्हणून औषधे नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावीत. ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान पाच-सात दिवसांची अधिक. सोबत औषधांची मूळ, म्हणजे रासायनिक नावे लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण आपल्याकडचे कंपनीचे नाव परदेशातल्या औषधविक्रेत्याला ठाऊक असेलच असे नाही. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात गोठून निकामी होऊ शकते. तेही जवळच ठेवावे. अमिरातीत काही वेदनाशामक, झोपेची व चिंतेवरची औषधे नेण्यास पूर्वपरवानगी लागते. याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

मधुमेहींनी ग्लुकोज, बिस्किटे जवळ बाळगावीत. जेवण केव्हा मिळेल हे अनिश्चित असेल, तर इन्सुलिन किंवा साखरेची गोळी कशी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. स्वच्छतागृह दूर आहे म्हणून पाणी पिणे थांबवणे आणि लघवीची गोळी परस्पर टाळणे, या दोन गोष्टी आजीमंडळी हमखास करतात. त्यातून चक्कर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा पायांवर सूज व धाप उद्भवते. गोळीची वेळ प्रवासानुसार बदलता येते. ती विचारून बदलावी. फार वेळ एकाच जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो. तासा-दीड तासाने चार पावले चालावे, बसल्या बसल्या घोटे हलवावेत.

मत्स्यालयात शिरताना दारातच दोन-चार मिनिटे थांबावे. उजेडातून अंधारात आल्यावर वृद्ध डोळ्यांना सरावायला अधिक वेळ लागतो, आणि पावसाळ्यात नेमकी दाराजवळची फरशीच छत्र्यांच्या पाण्याने निसरडी झालेली असते. चपलेचा तळ आणि काठीचे रबर झिजलेले नाही ना, हे घरीच पाहावे. बोगद्यात डोक्यावरून मासे सरकू लागले की आपणच सरकत आहोत असा भास होऊन तोल जातो. तसे वाटताच कठडा धरून स्थिर जमिनीकडे पाहावे. भिजलेल्या अंगाने वातानुकूलित दालनात फिरू नये. सोबत कोरडा सदरा, मोजे व शाल असावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला गर्दी, अंधार आणि काचेतली प्रतिबिंबे भांबावून सोडतात. त्याला सकाळी, गर्दी नसताना न्यावे. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, आणि एका व्यक्तीने फक्त त्याच्याकडेच लक्ष द्यावे. ‘सगळे आहेत’ असे म्हणताना अनेकदा कोणाचेच लक्ष नसते.

शेवटचा टप्पा घराचा. विमान वेळेवर उतरले तरी हिंदमाताला पाणी भरलेले असू शकते. २६ जुलै २००५ परळकर विसरलेले नाहीत. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आलेले असतात आणि पायाच्या लहानशा भेगेतूनही ते शरीरात शिरतात. शक्यतो पाणी ओसरेपर्यंत वाट पाहावी. चालावेच लागले तर घरी येताच साबणाने पाय धुऊन, कोरडे करून तळवे तपासावेत. मधुमेहींनी तर नक्कीच. ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. प्रतिबंधक औषध कोणाला व किती द्यायचे, हे तेच ठरवतील. शेजाऱ्यांच्या घरातली उरलेली गोळी घेऊ नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही आढळले, तर पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सांभाळणाऱ्यांना एकच विनंती आहे. आई-वडिलांना न्यायचे की नाही, हे त्यांच्या पाठीमागे ठरवू नका. त्यांना विचारा, आणि ते ‘हो’ म्हणाले, तर औषधांची पिशवी त्यांच्यासोबत बसून भरा.